लायनीचा पडदा

रोह्याच्या पुढे नवी रेल्वे लायन निघाली, तेव्हा तिचा मातीचा भराव नेमका आमच्या गावच्या भातखाचरांच्या उशाशी आला. पावसात मुरूम वाहून शेतात उतरू नये म्हणून कंपनीच्या माणसांनी भरावाच्या पायथ्याशी खुंट ठोकून कापडाचं कुंपण केलं. खताच्या गोणीसारखं विणलेलं, कमरेएवढं उंच. पाणी झिरपून जायचं, माती अडायची. गावाने त्याला पडदा म्हटलं. लायन काय न्हाणीत बसलीय, अशी थट्टाही झाली.

थट्टा संपली आणि चोऱ्या सुरू झाल्या. एवढं चिवट कापड नुसतं चिखल अडवत उभं राहणार, हे आमच्या गावाला पटणं शक्यच नव्हतं. आषाढ सरेपर्यंत कोणाच्या सरपणावर, कोणाच्या पडवीला, कोणाच्या चक्क डोक्यावर पडदा दिसू लागला. कापताना बघायचं एवढंच, की आपल्या शेतासमोरचा नको. आमच्या गोठ्यावरचा तुकडा कुठला, ते बाबांनी कधी सांगितलं नाही.

माझी आत्या गावातच दिलेली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वर्षाचं पोट एका खाचरावर. तिच्या शेतासमोर नुसते खुंट उरले. ती बाबांकडे आली आणि आमच्या गोठ्याशीच उभी राहून बोलली. बाबा म्हणाले, लोक मेले चोर झालेत, सांगतो मी कंपनीवाल्यांना. सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको. मी लहान होतो, तरी मला बाबांचा राग आला.

आत्या कोणाची वाट बघत बसली नाही. घरातलं जुनेर नेऊन तिने खुंटांना बांधलं, खालचा काठ मातीत पुरला. पण जुनेराला धर कुठला? एका रात्रीत फाटलं आणि खाचराचा कोपरा लाल मुरमाखाली गेला. मग तिने पेटीतलं कोरं लुगडं काढलं. ते मात्र टिकलं. चिखलाने फुगलं की ती फावड्याने उपसायची. बाकीचं भात वाचलं.

भाऊबीजेला ती ओवाळायला आली, ती तेच लुगडं नेसून. धुतलेलं होतं, पण मुरूम धाग्याधाग्यात बसलेला. बाबांनी ताटात नवं लुगडं ठेवलं आणि हसत विचारलं, सणाचं हे कसलं नेसलीस गो?

"गेल्या भाऊबीजेला तूच दिलेलं, दादा," आत्या म्हणाली. "लोकांचं कापड कुठं गेलं, ठाव नाय. तुझंच तेवढं माझ्या शेतात उभं रायलं."

जेवणं झाल्यावर बाबा गोठ्यावर चढले, पडदा उतरवला आणि खांद्यावर टाकून तिच्या खुंटांना बांधायला गेले. पाऊस कधीच गेला होता आणि भातही कापून झालं होतं.