वीरगळाला कुंकू

पोरांना गावाचा इतिहास शिकवता शिकवता मी अंबाजोगाईत एक नवा देवच तयार केला, एवढी मी तरुणपणी हुशार होते.

नवी नवी मास्तरीण, अंगात उत्साह मावत नव्हता. चौथीच्या वर्गाला ओढ्याकाठचा वीरगळ दाखवायला नेलं. गाई सोडवताना मेलेल्या वीराचा तो कोरीव दगड. पोरं त्यावर चिंचोके फोडायला बसली. म्हटलं, यांना धाकच हवा. दुसऱ्या सकाळी करंडा नेऊन दगडाला हळदकुंकू वाहिलं.

"बाई, ह्यो कंचा देव?" म्हणत पोरं हात जोडून उभी!

शेळ्या राखणारी एक बाई रोज दुपारी त्याच दगडाला पाठ टेकून भाकरी खायची. पहिला तुकडा शेळीला द्यायची आणि उठताना दगडावर असा हात ठेवायची, जणू घरच्या म्हाताऱ्याचा खांदाच. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दुपारी ती भाकरी हातात घेऊन उन्हातच उभी राहिली. दगडापुढे तोवर कुणीतरी नारळही फोडला होता. मी ऐटीत तिला वीराची गोष्ट सांगितली. ती ऐकत गेली, तशी आणखीच गोंधळली. मग तिच्या एका प्रश्नाने मीही गोंधळले, आणि आज आजी झाले तरी गोंधळलेलीच आहे.

ती म्हणाली, "बाई, गुरांपायी मेला म्हनता, म्हंजी आमच्यातलाच की त्यो. मग मी आता पाया पडू, का टेकून बसू?"