दोनच सीटांची गाडी

आमच्या बर्नी गावात नोरीन टकवेलबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. उतरताना पोरानं "थँक्यू, बाई" म्हटल्याशिवाय त्या दारच उघडत नसत. निवृत्त झाल्या आणि बाईंचं मन बसलं एका जुन्या, बिनटपाच्या लाल स्पोर्ट्स कारवर.

"बाई, ही पेट्रोल ढोसते, पार्ट मिळत नाहीत, चढावर तर हमखास दगा देते," गॅरेजवाला डेस्मंड कळवळून म्हणाला. तोही लहानपणी त्यांच्याच बसनं शाळेत गेलेला.

"जन्मभर बावन्न सीटा ओढल्या रे. आता दोनच हव्यात. दुसरीवर तू बस."

पहिल्याच रविवारी गाडी चढावर बंद पडली. बाई स्टिअरिंग धरून ताठ बसून राहिल्या. डेस्मंड ढकलायला खाली उतरला आणि सवयीनं म्हणाला, "थँक्यू, बाई!"