टाचण्यांचा कोट

त्यांच्या डोक्यावर टोपी कधीच नसे, तरी ते ती काढत. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, कुणी बाई टेबलाजवळ आली की ते खुर्चीतून अर्धे उठत, दोन बोटांनी नसलेल्या टोपीची कड उचलत आणि मान किंचित झुकवत. उष्टी ताटं उचलणाऱ्या आजीबाईंसाठी जेवढी झुके, तेवढीच बँकेतल्या मॅनेजरीणबाईंसाठी. हे मी कित्येक शनिवार बारकाईने पाहिलं आहे, कारण मला त्यांच्यात खोट काढायची होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरी मासिकं येत नसत, पत्रकांचे गठ्ठे येत, आणि त्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे असे. ‘कामगार बंधूंनो’ हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. पुढे शिकले, सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरीला लागले, बेडोकमध्ये एका फ्लॅटमध्ये खोली घेतली. खालच्या मजल्यावर एक म्हातारा इंग्रज राहतो, जुन्या सिनेमांतला नट आहे, असं घरमालकिणीने सांगितलं.

“कसली कामं करायचे?” मी विचारलं.

“गोऱ्या अधिकाऱ्याची.”

झालं. त्यांना पाहण्याआधीच माझं मत तयार होतं.

पहिली भेट हॉकर सेंटरमध्येच झाली. शनिवारची सकाळ, जागा कुठेच नाही. ते उठले, टोपी काढली आणि समोरची खुर्ची दाखवली. मी पुण्याकडची आहे असं कळल्यावर म्हणाले, “अरे वा! मी चार वेळा हिंदुस्थान सोडलाय. प्रत्येक वेळी आधीपेक्षा चांगल्या कपड्यांत.” (आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.)

“आणि आमच्या लोकांवर गोळ्या किती वेळा झाडल्यात?” मी विचारलं.

“सहा वेळा. नेहमी डाव्या बाजूने. उजवीकडून माझं नाक पडद्यावर मावत नसे.”

मी हसले. हसल्यावर मला धक्काच बसला. वडिलांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते?

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गोष्ट सांगायला लागली की शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबतात. ते कधीच मोठे तारे नव्हते, पण काही वर्षं पोस्टरवर त्यांचं नाव वरून दुसरं असे. भुवई उचलायची त्यांची एक पद्धत होती आणि आवाज रेशमी. एका सिनेमाच्या कामासाठी सिंगापूरला आले, इथल्या एका नर्सबाईंच्या प्रेमात पडले आणि राहिले. बाईंना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. परत का गेला नाहीत, असं कुणी विचारलं तर म्हणत, “तिकडे माझ्या गोष्टी सगळ्यांच्या ऐकून झाल्यात.”

गोष्ट संपली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. “यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नका.”

कॉफीच्या स्टॉलवरची आंटी त्यांची जुनी श्रोती आणि जुनी वैरीण. ती वाक्याच्या शेवटी इथला ‘लाह’ लावत गल्ल्यावरूनच ओरडायची, “अंकल, मागच्या आठवड्यात घोडा काळा होता, लाह! आज पांढरा कसा?”

“मॅडम, तुम्ही त्याला उधारीवर कॉफी नाकारलीत. काळजीने पिकला बिचारा.”

त्यांना ‘साहेब’ म्हणायची माझी तयारी नव्हती. त्यांनीच विचारलं, तुमच्यात वडिलांच्या वयाच्या माणसाला काय म्हणतात? मी ‘काका’ सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मग तो लगेच त्यांचाच होऊन बसला. माझी कामगारांवरची भाषणं ते शांतपणे ऐकत, मध्येच ‘बरोबर आहे’ म्हणत आणि माझ्यासाठी आणखी एक कोपी मागवत. कोपी म्हणजे इथली दाट दुधाची कॉफी. भांडायला निघालेल्या माणसाला तिने गप्प करता येतं.

त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट टाचण्यांच्या कोटाची होती. काका चोवीस वर्षांचे असताना एका सिनेमाचा नायक ऐनवेळी आजारी पडला. पहाटे फोन आला, ताबडतोब ये. नायकाचा लाल लष्करी कोट त्यांच्या अंगावर इतका ढगळ होत होता, की पाठीमागून तो टाचण्यांनी आवळला. एकूण बेचाळीस टाचण्या. पाठ फिरवली तर कॅमेऱ्यात दिसतील, बसलं तर टोचतील. म्हणून त्यांनी अख्खा सिनेमा ताठ उभं राहून, समोर तोंड करून काढला. समीक्षकांनी लिहिलं, या तरुणाचा करारीपणा पाहा, शत्रूला एकदाही पाठ दाखवत नाही! इथे काका उठून त्या ताठ चालीने दोन टेबलांमधून उलटे उलटे चालत दाखवत, आणि ताटं उचलणाऱ्या आजीबाईसुद्धा हसत. ही गोष्ट मी सात-आठ वेळा तरी ऐकली असेल. प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आमचं इथलं मराठी मंडळ म्हणजे वीस-पंचवीस घरं. अध्यक्ष लेलेकाकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, सेंगकांगला राहणाऱ्या. मी एका गणपतीला काकांना घेऊन गेले आणि मंडळ त्यांच्यावर खूश झालं. मग लेलेकाकूंना कळलं, की ते एक्याऐंशीत आहेत.

“म्हणजे सहस्रचंद्रदर्शन की गं! आपण करूया. शाल, श्रीफळ, मानपत्र. त्यांचं इथे आहे कोण?”

मी काकांना सांगितलं, की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून आमच्यात सोहळा करतात.

“हजार? त्यातल्या तीनशे तरी इंग्लंडच्या ढगांनी खाल्ल्या,” ते म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा हलला. “माझ्यासाठी करणार? खरंच?” दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांचा राखाडी सूट धुऊन, इस्त्री होऊन दाराला टांगलेला होता. सोहळ्याला अजून तीन आठवडे होते.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. लेलेकाकू म्हणाल्या, “तुझी भाषा फार जहाल असते बाई. यात जरा साखर घाल.”

“घालते. पण खोटं एक वाक्य लिहिणार नाही.”

आणि ते खरोखर पाळायचं म्हणून मी वही घेऊन काकांकडे गेले. म्हटलं, मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगते, तुम्ही खरं की खोटं तेवढं सांगा. त्यांना गंमत वाटली. “खरं. खरं. हे थोडं खोटं, पण राहू दे. बरं, काढ.” असं चाललं होतं. मग मी वाचलं, ‘कष्ट करणाऱ्या माणसाला आपण आयुष्यात कधीही अंतर दिलं नाही.’

त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला.

“हे काढ,” म्हणाले.

“का? मी स्वतः पाहिलंय.”

“तू फक्त इथलं पाहिलंयस.” ते उठून खिडकीशी गेले. “कोटाला टाचण्या का होत्या, हे कधी कुणी विचारलं नाही. तूही नाही. स्टुडिओत शिवणकाम करणाऱ्या तीस बायका होत्या. कोट आत घ्यायला त्यांच्यातल्या एकीला दहा मिनिटं लागली असती. मग टाचण्या कशाला?”

मला अजूनही कळलं नव्हतं.

“त्या फाटकाबाहेर होत्या. संपावर.”

शिवणखान्याचं मागचं दार बाहेरून कुलूपबंद असायचं, बायकांनी वेळेआधी जाऊ नये म्हणून. एक दिवस इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला. दार उघडेपर्यंत एकीचे दोन्ही हात भाजले. बाकीच्या सगळ्या बाहेर पडल्या. मागणी एकच, दार उघडं ठेवा. नायक आजारी वगैरे काही पडला नव्हता. त्या बायका आत येईपर्यंत मीही येणार नाही, असं त्याने कळवलं होतं. म्हणून पहाटे यांना फोन गेला.

“आणि तुम्ही गेलात?”

“गेलो. त्यांच्यामधूनच गेलो. कुणी शिवी दिली नाही. एकीने फक्त माझ्या खांद्यांकडे पाहिलं. माझं माप तिच्या लक्षात होतं.” ते खिडकीबाहेरच बघत होते. “शूटिंग चालू राहिलं, म्हणून संप चार दिवसांत मोडला. अकरा जणींना परत घेतलं नाही. त्यात ती भाजलेलीही होती.”

मी वही मिटून टेबलावर टाकली. आमच्या घरी पत्रकांच्या मागच्या बाजूला कधी कधी नावं छापलेली असत, संपात मागच्या फाटकाने आत गेलेल्यांची. त्या कागदांच्या घड्या मी घातल्या होत्या. त्यातल्या एकाच्या मुलीशी मी शाळेत वर्षभर बोलले नव्हते. आणि इथे दोन वर्षं एका संपफोड्यासमोर बसून मी त्याला संपाचं महत्त्व समजावत होते, आणि तो मला कोपी पाजत होता! त्या बेचाळीस टाचण्यांवर मी पोट धरून हसले होते.

“मला का सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“इतक्या वर्षांत कुठलं निम्मं खरं, हे विचारायला तूच पहिली आलीस. आता तूच ठरव. लिहिणार असशील तर हेही लिही. नाहीतर काहीच लिहू नकोस, मी घरी बसेन.” दाराला टांगलेल्या सुटाकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी ती लगेच परत घेतली.

मी वही उचलली आणि बाहेर पडले.

लेलेकाकूंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. “अगं, साठ वर्षं झाली त्याला! सत्काराच्या दिवशी असलं कुणी वाचतं का? ते वाक्य गाळ, शाल घाल, मोकळी हो.”

“मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.”

“तुझ्यासारख्या मुली माणसाला सुखाने म्हातारंही होऊ देत नाहीत,” त्या म्हणाल्या. चिडून म्हणाल्या, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी विचारलं नाही.

मी वडिलांना फोन लावला. सगळं ऐकून ते भडकले. “संपफोड्याचा सत्कार? आणि मानपत्र माझी मुलगी लिहिणार?” मग त्यांचा आवाज खाली आला. “त्यांनी स्वतःहून सांगितलं?”

“हो.”

“पुरावा समोर ठेवलास म्हणून नाही?”

“नाही बाबा. कुणालाच माहीत नव्हतं.”

“आमच्याकडचे बावीस जण आत गेले होते. अजून रस्त्यात भेटतात. एकानेही तोंडाने कबूल केलेलं नाही.” मग म्हणाले, “वाच. सगळं वाच. चांगलंही सोडू नकोस आणि तेही सोडू नकोस.”

मधले दोन शनिवार मी हॉकर सेंटरला गेले नाही. जुना मसुदा फाडून मानपत्र पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, पण काकांना काहीच कळवलं नाही. त्यांना खुशाल तळमळू दे, असं मला वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

सोहळा लेलेकाकूंच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये होता. बोलावणं लेलेकाकूंनी केलं होतं. काका आले, राखाडी सूट घालून, अर्धा तास आधी. शाल पांघरली, नारळ हातात दिला. मी मानपत्र वाचायला उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. मी काय लिहिलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. समोरच्या खुर्च्यांवरच्या चेहऱ्यांकडे बघत होते. आयुष्यभर प्रेक्षक वाचलेला माणूस!

मी वाचत गेले. चेहरे हसरे होते, माना डोलत होत्या. मग ते वाक्य आलं. ‘वयाच्या चोविसाव्या वर्षी आपण संपावरच्या बायकांमधून चालत फाटकाच्या आत गेलात, त्यांचा संप मोडला, आणि हे आपण स्वतःहून सांगितलंत.’ माना थांबल्या. कुणाची तरी बांगडी वाजली. लेलेकाकू वर पंख्याकडे पाहू लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका पोराने मोठ्याने विचारलं, “आई, व्हॉट इज संप?” आणि आईने त्याला मांडीवर ओढून घेतलं.

काकांनी एकेक चेहरा पाहिला. कळलं त्यांना. नारळ हातात घट्ट धरून ते उठून उभे राहिले. सगळे वाट बघत होते, आता ते काहीतरी खुसखुशीत बोलतील आणि सगळ्यांची सुटका करतील. मीही तीच वाट बघत होते.

“या खुर्चीवर मी अजून बसू का?” त्यांनी विचारलं.

लेलेकाकूंनी निरांजनाचं तबक उचललं. “बसा. बसल्याशिवाय ओवाळू कशी?” त्या मराठीतच म्हणाल्या आणि त्यांनी ओवाळलं. पुरतं ओवाळलं.

परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये ते मानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. “ती ओळ कुठली?” मी बोट ठेवलं. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी कडेला बारीक रेघ मारली.

“मी अजून चिडलेली आहे,” मी म्हटलं.

“चिडायलाच हवं. शनिवारी ये, तिथे बसून चीड.”

मी गेले. पुढचे सगळे शनिवार गेले. टाचण्यांच्या कोटाची गोष्ट मात्र पुन्हा ऐकली नाही. सहा महिन्यांनी ते हॉस्पिटलमध्ये गेले आणि चौथ्या दिवशी वारले. आंटीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. ‘हो’ म्हणाले, फोन ठेवला आणि समोरच्या पडद्यावरचे आकडे वाचत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

घराची किल्ली आंटीकडे होती. आवरायला आम्ही दोघीच गेलो. मानपत्र काचेत लावून खिडकीशेजारी टांगलं होतं. ते उतरवताना मी पेन्सिलच्या रेघेपाशी बोट नेलं आणि आंटीला त्या ओळीचा अर्थ सांगायला लागले.

तिने मला थांबवलं. “ते माहीत आहे, लाह. ती ओळ अंकलनी आम्हाला सगळ्यांना सांगितली. स्टॉलवाल्यांना, ताटंवाल्यांना, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्यालासुद्धा.” तिने चौकटीवरून फडकं फिरवलं. “बाकीचं काय लिहिलंय? ते कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, वाचता येत नाही.”

मला विचारलं असतं तर मी दहा मिनिटांत सगळं इंग्रजीत सांगितलं असतं. सहा महिने, दर शनिवारी, मी त्यांच्या समोर बसत होते. त्यांनी विचारलं नाही. आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

आंटीने हातातला खोका खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि बसली. मी काचेवर बोट अगदी वर नेलं, पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दावर, आणि तिच्यासाठी वाचायला सुरुवात केली.

“हळू,” ती म्हणाली. “हळू वाच.”