पंढरी मुकादमाची आडवी गाडी

गेल्या वर्षी निजामपुऱ्यात दबक्या आवाजात असं बोललं जात होतं, की पंढरी मुकादमाच्या गाडीत त्याची मेलेली बायको बसते. पंढरी गाडी भिंतीलगत सरळ लावून वळला, की रंगूबाई ती फिरवते आणि आडवी करून ठेवते. शुक्रवारी मात्र हात लावत नाही. शुक्रवारी तिचा उपास असतो.

हसू नका. हा उपासाचा तपशील ऐकला की भलेभले गप्प व्हायचे. रंगूबाईनं जन्मात शुक्रवार मोडला नव्हता, हे तिच्याशी भांडलेल्या बायकासुद्धा कबूल करत. आणि नवऱ्यानं ठेवलेली वस्तू तिनं कधी ठेवल्या जागी राहू दिली नाही, हे तर सगळा मोहल्ला जाणून होता. छत्री कोपऱ्यात ठेवली तर ती खुंटीला जायची, खुंटीला लावली तर दारामागे. मग गाडी कशी सुटेल?

पंढरीनं सगळं आयुष्य कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात काढलं, त्यातली निम्मी वर्षं मुकादम म्हणून. त्या खडखडाटात बोलून बोलून त्याचा आवाज असा झालाय, की तो कानात कुजबुजला तरी समोरच्या फुटपाथवरचा माणूस मान वळवतो. त्याच्या घरातलं एकही गुपित म्हणूनच आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. तो घरी बसल्यावर त्याच्या मुलानं, मनोजनं, अंबाडीच्या रस्त्याला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. हवेशीर, लिफ्टवाला. पंढरीला तिथली शांतता सोसेना. म्हणायचा, "तिथं कानात नुसती शिट्टी वाजते रे." मग त्यानं एक जुनी, विजेवर चालणारी, दोन दारांची गाडी पैदा केली आणि रोज दुपारी मोरूच्या हॉटेलात आमच्यात येऊन बसू लागला. गाडी मागच्या गल्लीत, त्याच्याच जुन्या कारखान्याच्या भिंतीला लावायचा.

गाडी म्हणजे काय, डबी. रिक्षावाले तिला रिक्षाची धाकटी बहीण म्हणत. एका टेम्पोवाल्यानं तर तोंडावर विचारलं, "चाचा, इसको रोज घर ले जाते हो कि जेब में रखते हो?"

पहिल्यांदा ती आडवी दिसली तेव्हा मी पंढरीच्या बरोबरच होतो. चहा आटोपून आम्ही गल्लीत शिरलो, तर गाडीचं नाक भिंतीला टेकलेलं, पाठ रस्त्याकडे, आणि पुढे एक मोठा टेम्पो उभा राहील एवढी जागा मोकळी. कॉलेजच्या दोन मुली मोबाईलवर फोटो काढत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काका, तुमची का ही? काय डोकं लावलंय. सगळ्यांनी अशी लावली तर किती जागा वाचेल."

पंढरीनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मुलींकडे, आणि म्हणाला, "हां. जागा वाचते. मी आडवीच लावतो."

त्याचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. ते वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं.

पुढे तर रोजचंच झालं. कोणी उभं राहून कौतुक करायचं, कोणी शिव्या घालायचं. स्कूटरवाल्याच्या गुडघ्याला गाडीची पाठ घासली, तर तो म्हणाला, ही पार्किंगची जागा आहे का कपाट? कुठल्याशा पोरानं व्हिडिओ टाकला, त्याखाली लोकांची जुंपली. पंढरी ऐटीत ऐकून घ्यायचा. फक्त हळूहळू त्याची ऐट पातळ व्हायला लागली, कारण रोज आपण गाडी सरळ लावतो हे त्याला पक्कं आठवत होतं.

मोरूला रंगूबाईची आयडिया सुचली ती याच सुमारास. शुक्रवारचा उपास त्यात कोणी घातला ते नक्की सांगता येत नाही, पण घालणाऱ्याला दाद द्यायला हवी.

मग चुकीच्या पार्किंगचा दंड आला, फोटोसकट, मनोजच्या मोबाईलवर.

"बाबा, ही अशी गाडी तुम्ही लावली?"

"नाही. मी सरळ लावली होती."

"परवा तर मेघालीला सांगत होता, जागा वाचवायला मीच आडवी लावतो म्हणून."

सुनेनं, म्हणजे मेघालीनं, हळूच भर घातली, "परवा गॅसही चालू राहिला होता, बाबा."

"तो तू ठेवला होतास," पंढरी म्हणाला, आणि खालच्या वॉचमननं वर पाहिलं.

मनोज चांगला मुलगा आहे. त्यानं आवाज चढवला नाही, तीच पंचाईत. म्हणाला, "बाबा, आपण डॉक्टरला दाखवू. सोमवारपासून किल्ली माझ्याकडे राहू दे."

म्हणजे किल्ली गेली, निजामपुरा गेला, आम्ही गेलो. उरली ती शिट्टी. पण पंढरीला त्याहून मोठी धास्ती होती. दुसऱ्या दिवशी तो हॉटेलात माझ्या कानाशी लागून म्हणाला, "खरं सांग. मी विसरायला लागलोय का?"

पलीकडच्या टेबलावरचे दोघं लगेच भजी खायचे थांबले.

मी म्हटलं, "चहा कोणी पाजायचा एवढंच विसरतोस. ते तर तुझं तरुणपणापासून आहे."

पंढरी हसला नाही. ते पाहून मीही नीट बसलो.

"मग रंगू असेल?" त्यानं विचारलं.

"असली तर तुझ्याशी बोलल्याशिवाय राहील का? गाडीत बसून बघ की."

मी आपलं तोंडाला आलं ते बोललो. तो शनिवारी खरंच बसला. गाडी भिंतीलगत सरळ लावली, चाकं मला दोनदा बघून घ्यायला लावली, आणि मागच्या सीटवर अंगाची घडी करून आडवा झाला. मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे उभा राहिलो. असला तमाशा कोण सोडतो?

बराच वेळ काही झालं नाही. मग कारखान्यासमोर सुताची बीमं घेऊन टेम्पो आला आणि उभा राहायला जागा शोधत हॉर्न देऊ लागला. आतून बीमवाले बाहेर पडले. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला भला जाड रूळ. तो टेम्पोतून उतरवून खांद्यावर लूमपर्यंत न्यायचा, हे त्यांचं काम. त्यांचा पुढारी नवशा, अकलोलीच्या वरच्या पाड्यावरचा. त्यानं टेम्पोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, गमछा डोक्याला बांधला. एखादं बीम पकडावं तसं सगळ्यांनी गाडीचं मागचं टोक खालून धरलं.

"घ्या," नवशा म्हणाला. गाडी उचलली गेली. "आज मुकादमाची गाडी जड हाय रं."

"नया बॅटरी डाला होगा," दुसरा म्हणाला.

नवशानं कान लावला. "बॅटरी घोरते व्हय?"

पंढरीला आत झोप लागली होती. गाडी हलल्यावर तो उठून बसला आणि मागच्या काचेतून बाहेर पाहू लागला. बाहेर सहा-सात चेहरे, त्याच्या नाकापासून वितीवर. कोणी हलेना. गाडी तशीच अधांतरी.

"सोडू नका रे," आतून मुकादमाचा आवाज आला. "डावीकडं घ्या. अजून. अजून थोडी. हां, टेकवा."

सवय कुठे जाते? त्यानंच सांगितलं आणि त्यांनी आडवी टेकवली. मग दार उघडून तो उतरला.

"नवशा, मला विचारायचंस तरी."

"तुमाला ठावं हाय आसा वाटला," नवशा म्हणाला. "तुमीच त्या पोरींना बोललात ना, आडवी लावतो म्हून? आमी म्हटला, मुकादमाला चालतंय. पयल्या दिवशी उगाच भीत व्हतो."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचा? गाडी तुमची, बोललात तुमी."

पंढरी भिंतीला टेकला आणि इतका हसला, की लूमवरची माणसं दारात आली. मी त्याला बायको गेल्यापासून तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मनोजला पटेना. शेवटी नवशाला फोनवर बोलवावं लागलं, आणि नवशानं साहेबांना गाडी कुठे धरतात, किती जण लागतात, सगळं समजावून सांगितलं. मेघालीनं विचारलं, "मग गॅस?" त्यावर मनोज तिच्याकडे बघत राहिला. किल्ली पंढरीच्या खिशातच राहिली. आता तो गाडी स्वतःच आडवी लावतो. बीमवाल्यांना ती पसंत पडत नाही, तिरकी लावतो म्हणतात. नवा दंड आला की मनोज तो न बोलता भरतो.

मोरूच्या हॉटेलातली आमची मंडळी थोडी हिरमुसली. ज्या माणसानं आयुष्यभर लूमची शुक्रवारची सुट्टी घेतली त्यालाही आणि आम्हालाही, शुक्रवार म्हटल्यावर उपास आठवला, कारखाना आठवला नाही.

रंगूबाई गाडीत नव्हती. टेम्पोला जागा हवी म्हणून बीमवाले रोज ती गाडी उचलून आडवी ठेवत होते. शुक्रवारी कारखाना बंद असल्यामुळे टेम्पो येत नव्हता.