नव्या सिनेमातलं भूत माफ करतं

भुताचे सिनेमे आम्ही बहीण-भाऊ रविवारी दुपारी पाहायचो, बालाघाटच्या घरात खिडकीला चादर लावून. नियम तिचा होता: आधी जुना सिनेमा, मग त्यावरून केलेला नवा. उलट पाहिलं तर जुन्याची भीती वाया जाते, असं ती म्हणे.

एक जोडी मला विसरता येत नाही. दोन्हींत गोष्ट तीच, सासरी मेलेल्या सुनेचं भूत. जुन्यात तिचा चेहरा एकदाही दिसत नाही. ती मागच्या दाराशी पाठमोरी उभी असते आणि घरातली माणसं एकेक करून कमी होत जातात. काय घडलं होतं ते कुणी सांगत नाही; घरात सगळ्यांना ठाऊक असतं. नव्यात पहिल्याच प्रसंगात चेहरा, कानठळ्या बसवणारं संगीत, मग नवऱ्याचे अश्रू. शेवटी तो हात जोडतो आणि ती हसून विरून जाते.

बहीण ताडकन उठून बसली. "काहून माफ केलं रे दादा तिनं? तो रडला म्हणून?"

"लोकांना आता गोड शेवट लागतो," मी म्हणालो.

"मी असती तं एकालेबी सोडलं नसतं. आन् तुले तं पयले धरलं असतं, त्याहीची बाजू घेतं म्हणून!"

मागच्या पावसाळ्यात ती किरनापूरकडच्या सासरी तापाने गेली. धानाची रोवणी चालू होती. रोवणी आटोपली की दवाखान्यात नेऊ, असं त्यांनी ठरवलं. हे मला तिच्या शेजारणीनं सांगितलं. रोवणी वेळेवर आटोपली.

आमच्या बौद्ध रीतीत पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वारलेल्या माणसाबद्दल घरचं कुणीतरी उभं राहून बोलतं. तिच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, हळूच जवळ आल्या. "तुम्ही शिकलेले हा. चांगलं चांगलं बोलजा. पोराच्या दुसऱ्या लग्नासाठी गोंदियाचे पाहुणे आले हायेत."

"हौ," मी म्हणालो.

वंदना झाली. आवाज न चढवता मी सांगितलं: ताप कधी आला, पाणी कोणी दिलं, रोवणीला धानाच्या बांधीत त्या दिवशी कोण कोण होतं. पहिल्या रांगेतले जावईबापू रडू लागले. मी थांबलो, त्यांचं रडणं होऊ दिलं आणि पुढचं वाक्य बोललो.

गोंदियाचे पाहुणे न जेवता उठले. विहीणबाई त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावल्या.

मी पंगतीत बसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवलो.