झंपर बराबर नाई

आईचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी नागपूरहून अहेरीला परत आले. फॅशन डिझाईनचा कोर्स नुकताच संपला होता. एका बुटीकमध्ये दुसऱ्यांच्या लेहंग्यांना लटकनं लावायचं काम मिळालं होतं, ते सोडलं. त्याचं दुःख झालं असं म्हणणार नाही. आईची उजवी छाती काढली होती आणि काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्यामुळे तो हात संध्याकाळपर्यंत सुजून यायचा. घरात आम्ही दोघीच. पुढच्या खोलीत मी मशीन मांडलं आणि गावातल्या बायांचे झंपर शिवायला घेतले. ब्लाऊज हा शब्द आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर असतो, बोलण्यात झंपरच.

दिवस सगळे सारखेच जायचे. सकाळी आईच्या हाताला खालून वर मालीश, मग स्वयंपाक, मग मशीन. रस्त्यावरून सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक जात आणि कापलेल्या कापडावर लाल धूळ बसे. झटकायची, परत बसायची. संध्याकाळी पाठ अशी धरायची की माझ्यापेक्षा आईच बरी दिसायची. मी चिडकी झाले होते, हे मला कळत होतं आणि त्याचंही काही करायची ताकद नव्हती.

आई नर्स होती. अख्खी नोकरी भामरागडकडच्या गावांमध्ये गेली. पावसाळ्यात पूल बुडाला की इकडची वाट बंद, मग ती तिकडेच राहायची. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगायची, पण काटा पाहण्याआधी नुसत्या तळहातावर घेऊन वजन सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. बायकांशी अंगाबद्दल ती इतकं मोकळं बोलायची की लहानपणी मी लाजून आत पळायचे. तीच बाई आता घराबाहेर पडत नव्हती. गाऊन घालायची, त्यावर टॉवेल आडवा घ्यायची, दार वाजलं की आत जायची. पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणं तिनं कधी चुकवलं नव्हतं. आता शेजारणी बोलवायला आल्या की म्हणायची, "हात दुखून राह्यला, तुम्ही जा." हात दुखायचा, ते खरं होतं. पण ती हातामुळे थांबली नव्हती. लोक छातीकडे पाहतील, याची तिला भीती होती. असंच चाललं तर ही बाई उरलेलं आयुष्य मागच्या खोलीत काढेल, याची मला भीती होती.

तेवढ्यात कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. नागपूरला नव्या डिझायनरांचं प्रदर्शन होतं, विषय होता वय, शरीर आणि स्वास्थ्य. "तुझ्या घरातच तर विषय आहे," मॅडम म्हणाल्या. बोलणं जरा उघडं होतं, पण खोटं नव्हतं. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. आईला घालता येईल असा झंपर होईल आणि माझं नाव कुठेतरी लागेल. आईला विषय सांगितला तर ती म्हणाली, "स्वास्थ्य म्हणजे आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर लिवलं राहे, तेच ना?"

मी मन लावून काम केलं. आरमोरीकडून रेशमी कोसा आणला, तो आपल्याच जंगलातल्या ऐनाच्या झाडांवरचा. उजवा मुंढा सुजलेल्या हातासाठी मोकळा ठेवला, बाही सैल, हूक मोठे, डाव्या हातानं लावता येतील असे. आणि उजवी बाजू सपाट कापली. छातीला उभार देणारा टक घातलाच नाही. जिथे टाके पडले होते, तिथून तिरपी लाल दोऱ्याची धावती शिलाई घातली. फोटो पाहून मॅडम म्हणाल्या, "हेच हवं. लपवायचं नाही, साजरं करायचं." मलाही ते पटलं होतं. आजही तो झंपर मला देखणाच वाटतो.

आईनं तो हातात घेऊन उलटसुलट केला. "चांगला दिसते," ती म्हणाली. "कोणाले घालाचा हा?"

"तुलेच."

तिनं घातला. कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बराबर नाई."

आता शिवणाऱ्या बाईला बराबर नाई म्हटलं की तिला एकच कळतं, फिटिंग चुकलं. मी मुंढा अजून सोडला. तिनं घातला, "बराबर नाई." मी पाठ उसवून पुन्हा शिवली, खांदा अर्धा बोट आत घेतला. "बराबर नाई, माय." मी मांजरपाटाचा कच्चा नमुना पहिल्यापासून कापला, अस्तर बदललं, कारण कोसा टाक्यांवर टोचत असेल असं वाटलं. गावातल्या गिऱ्हाइकांचे झंपर तसेच पडून राहिले आणि त्या दारात येऊन बोलायला लागल्या. शेवटी मी हात टेकले. कात्री टेबलावर आपटली आणि म्हटलं, "काय बराबर नाई ते एकदाचं सांग ना. खांदा? बाही? का मीच बराबर नाई?"

आईनं डावा तळहात डाव्या छातीवर ठेवला, तिथून उचलून उजवीकडच्या सपाट जागेवर ठेवला.

"हे अन् हे," ती म्हणाली. "बराबर नाई."

मी खाली बसले. इतके दिवस ती मापाचं बोलत नव्हती. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, एवढंच सांगत होती. ज्या बाईनं शेकडो बायकांना सगळं नाव घेऊन समजावलं, तिला स्वतःच्या पोरीपुढे तो शब्द तोंडातून काढता येत नव्हता. आणि बराबर शब्दाचा हा अर्थ मला कळू नये, तेही आमच्या घरात? आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून ते हाच शब्द बोलत आले. सगळ्यांच्या बराबर बसाचं, बराबर चालाचं. आईनं पांढरीशुभ्र साडी आणि नीट बसलेला झंपर त्याच हिशेबानं मिरवला होता. आणि मी तिला वेगळी दिसण्यात काय सौंदर्य आहे ते समजावत होते.

तरी मी वाद घातलाच. म्हटलं, "आई, लपवून काऊन घ्याचं? तुझी काय चूक आहे?"

"चूक नाई," ती म्हणाली. "पण मले माहं ऑपरेशन गावभर घालून फिराचं नाई. मले वंदनेले जाचं आहे."

मग मी साधा पांढरा झंपर कापला. आतून उजवीकडे खिसा दिला. आधी कापूस भरला, तर तो दोन तास झाले की वर चढायचा आणि घामानं गोळा व्हायचा. स्पंज भरला, तर त्या उकाड्यात घामोळ्या उठल्या. आई कंटाळली, मी तिच्यापेक्षा जास्त. कापड कापताना सरकू नये म्हणून मी त्यावर वाळूच्या पुरचुंड्या ठेवते. एक दिवस आईनं त्यातली एक उचलली आणि तळहातावर धरली. "जड आहे," ती म्हणाली, "पण बसते बराबर. सरकत नाई." वाळूऐवजी मी मोहरी घेतली, जुन्या मऊ धोतराच्या दुहेरी कापडात शिवली. आई एका हातावर पुरचुंडी ठेवायची, दुसरा डाव्या छातीखाली धरायची, डोळे मिटायची, "अजून घाल," म्हणायची. मग "थोडी काढ." असं करता करता एकदा म्हणाली, "राहू दे आता," आणि पुरचुंडी तशीच हातात धरून ठेवली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

तो झंपर आईच्या अंगावर आला आणि काहीच दिसलं नाही. सैल मुंढा पदराखाली गेला, मोठे हूक पट्टीखाली गेले. मी त्याचाच फोटो प्रदर्शनासाठी पाठवला. आतल्या बाजूचा पाठवला असता तर कदाचित जमलं असतं, पण आईचं ते आत होतं, ते लोकांपुढे उलटं करायला मन धजेना. मॅडमचा फोन आला. आवाज मवाळ होता. "अगं, यात डिझाईन कुठे आहे? हा तर साधा ब्लाऊज दिसतो."

"हो मॅडम," मी म्हटलं, "साधाच दिसतो."

कोशाचा तरी पाठव, त्या म्हणाल्या. मी नाही पाठवला. हे काही मोठं मन करून केलं नाही. आईनं नको म्हटलेला कपडा तिच्या नावावर मांडायची मला लाज वाटली, इतकंच. फोन ठेवून मी रडले, चांगली रडले. बरोबरच्या मुलींचे फोटो नंतर पाहिले तेव्हा जळफळाटही झाला. मग राहिलेले झंपर शिवायला बसले, कारण बाया दारात येऊन उभ्या होत्या.

बुद्धपौर्णिमेला आईनं स्वतःच साडी काढली. झंपर एकटीनं घातला, हूक एकटीनं लावले, मला आत येऊ दिलं नाही. मी स्कूटी काढली. विहारात बायांची दाटी होती. आई दारातच थबकली, पदर दोनदा सारखा केला, आणि मला वाटलं ही आता परत फिरते. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "बाई, सरका ना थोडं पुढं, वाट अडवून राह्यल्या." आई सरकली. बायांमध्ये जाऊन बसली. वंदना झाली, खीर वाटली, उन्हावर बोलणं झालं, कोणाच्या सुनेवर बोलणं झालं. आई सगळ्यात होती. मी मागं भिंतीला टेकून बसले होते आणि डोळे मिटत होते.

परतीच्या वाटेवर समोरून ट्रक आला. मी गाडीचा वेग कमी केला. आई मागून माझ्या कानाशी आली.

"कोणीच नाई पाह्यलं वं माह्याकडं," ती म्हणाली. असा मोकळा आवाज मी तिचा ऑपरेशननंतर ऐकला नव्हता.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "काऊन थांबली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ट्रक जाऊ दे. ट्रक तर केव्हाच निघून गेला होता.