मिस्त्रींच्या गुळगुळीत टिक्क्या

मिस्त्रींनी उभी हयात भिंतींना गिलावा करण्यात घालवली. त्यांच्या हातची भिंत गालासारखी गुळगुळीत असायची आणि हे कुणी विचारलं नाही तरी ते स्वतःच सांगायचे. स्वयंपाकघरात मात्र ते आजवर फक्त जेवायला गेले होते. बायकोला अर्धांगाचा झटका आला, तिचा उजवा हात लुळा पडला आणि स्वयंपाक त्यांच्या गळ्यात आला.

मुलगी दर रविवारी यायची. गेल्या खेपेला तिने कढईतली करपलेली भाजी बघून कपाळाला हात लावला.

"बाबा, पुरे झालं आता. हे घर बंद करा आणि दोघंही माझ्याकडे चला."

"आम्ही काय उपाशी मरतोय?"

"मरत नाही, पण धड जेवतही नाही. बरं, येत्या रविवारी आईसारख्या राजम्याच्या टिक्क्या करून दाखवा. जमल्या तर मी हा विषय काढणार नाही. नाही जमल्या तर सामान बांधायचं."

ती वैतागून बोलून गेली, पण मिस्त्री हट्टाला पेटले. मुलगी मायेची होती, जावईही चांगला होता. तरी आयुष्यभर लोकांच्या भिंती सजवून झाल्यावर हे एकच घर त्यांनी स्वतःसाठी बांधलं होतं. ते सोडायला ते तयार नव्हते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजमा भिजत घातला. पहिल्या घाण्याला शिजलेल्या राजम्यातलं पाणी निथळायचं राहिलं आणि कढईत नुसता गाळ झाला. पुढच्या वेळी पाणी निथळलं, कांदा बारीक चिरला, पावाचा चुराही घातला. पण टिक्की हातावर घेतली की मिस्त्रींमधला गवंडी जागा व्हायचा. ओल्या बोटांनी ते तिची कड सारखी करायचे, वरून पाण्याचा हात फिरवायचे, एकही भेग राहू द्यायचे नाहीत. ताटात त्या टिक्क्या अशा देखण्या दिसायच्या की तळायचं जिवावर यावं. तेलात पडल्या की आतली वाफ कोंडायची आणि त्या फाटकन फुटायच्या. ज्या वाचायच्या त्या मऊ, लिबलिबीत राहायच्या.

बायको दारात खुर्ची टाकून बघत असायची. झटक्यापासून शब्द तिच्या तोंडून सावकाश यायचे, टोमणे मात्र शाबूत होते.

"पाणी... नको," ती म्हणाली.

"पाण्याशिवाय घोटणार कसं?"

"घोटता... कशाला? रंग... द्यायचाय?"

मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आठवडाभर दोघांनी फुटक्या टिक्क्या पावाबरोबर संपवल्या.

रविवारी सकाळी पहिलीच टिक्की पुन्हा फुटली. तेलाचा थेंब मनगटावर उडाला. मिस्त्रींनी गॅस बारीक केला, मनगट पाण्याखाली धरलं आणि दुसरी टिक्की घोटायला घेतली. माघार घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि चूक सुधारणंही.

तेवढ्यात बायकोने डाव्या हाताने शेजारच्या स्टुलावरची परात मांडीवर ओढली आणि त्याच हाताने उजवा हात उचलून राजम्याच्या गोळ्यावर ठेवला. त्या हाताने तिने झटक्यापासून चमचासुद्धा धरला नव्हता. व्यायामासाठी दिलेला चेंडू तिने 'मी काय कुक्कुलं बाळ आहे?' म्हणून फेकून दिला होता.

"अगं, राहू दे. दमशील."

"मला... माझं घर... सोडायचं नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही.

बोटं थरथरत मिटली. टिक्की झाली ती वेडीवाकडी, कडेला फाटलेली, वर खडबडीत. मिस्त्रींचा हात आपसूक ती नीट करायला पुढे गेला. तिने डाव्या हाताने त्यावर चापट मारली.

"हात लावाल... तर बघा."

त्यांनी ती तशीच तेलात सोडली. वाफ भेगांमधून निघून गेली. फाटकी कड आधी तांबूस झाली, मग कडक. मिस्त्री झारा धरून बघत राहिले. आठवडाभर आपण जे लिंपून बंद करत होतो, तेच उघडं राहायला हवं होतं, हे त्यांना आत्ता कळलं. मग ते मध्ये लुडबुडले नाहीत. ती थांबत, धापा टाकत थापत गेली आणि ते तळत गेले.

मुलगी आली आणि उभ्यानेच तिने एक टिक्की तोंडात टाकली. कुर्रकन आवाज झाला. ती बापाकडे बघतच राहिली.

"बाबा! जमल्या की हो तुम्हाला!"

गप्प बसले असते तर मिस्त्री जिंकले होते. त्यांनी झारा खाली ठेवला.

"मी नुसत्या तळल्या. केल्या तुझ्या आईनं."

मुलीने वळून पाहिलं. आईच्या उजव्या हाताच्या पाचही बोटांना राजमा वाळून चिकटला होता. मुलगी खुर्चीपाशी खाली बसली, तो हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि तिला रडू आवरेना.

"आई, मी सामानासाठी गाडीत खोकी घेऊन आले होते गं," ती म्हणाली. "आता पुढच्या रविवारी काय आणू?"

आईची बोटं तिच्या हातात हळूच मिटली.

"राजमा," ती म्हणाली. "बाबांनी... सगळा... संपवला."